आरतीला कोय आवडते

१४ मे २०२६, गुरुवार
परसातल्या हापूसनं यंदा फळ धरलं. मागची दोन वर्षं मोहोर गळाला, तो हवामानामुळे. यंदा टिकला, तो माझ्यामुळे. कालवा निरीक्षक म्हणून उभी नोकरी झाली, कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कधी नाही हे मी ठरवायचो. एका झाडाचं ठरवणं म्हणजे काय मोठंसं. पाणी बायको, म्हणजे रत्ना, घालते, पण ठरवतो मी.

रविवारपासून धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. लेक-जावयाला बोलवायचं, धोंड्याचं जेवण करायचं, वाण द्यायचं. सगळ्या राजुरीत घरोघर जावई येणार आणि आपलेच नाही आले तर लोक विचारतील, असं रत्ना म्हणाली. मी म्हटलं, येतील की. न यायला झालंय काय?

तिनं भांडी जोरात घासली.

१५ मे
झालं काय ते लिहूनच ठेवतो. उद्या कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको.

दिवाळीला गोकुळराव, म्हणजे आमचे जावई, आमच्या आरतीला घेऊन पेठहून आले. येताना ड्रॅगन फ्रूटचा खोका. मी त्यांच्यासमोरच एक फळ कापलं, चाखलं आणि मोकळेपणानं मत दिलं. म्हटलं, याला ना चव ना वास, नुसता मेकअप. मग एक फोड शेळीपुढे टाकून दाखवली. शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. आळीतली चार माणसं बसलेली होती, सगळी हसली. गोकुळरावही हसले. चहा न घेता गेले, कारण त्यांना काम होतं.

नंतर कळलं की फळ त्यांच्याच शेतातलं, पहिल्या तोड्याचं. मग तर माझं मत त्यांच्या फायद्याचंच. बाजारात एवढं स्पष्ट कोण सांगतं?

तेव्हापासून आरती माहेरी आलेली नाही. संक्रांतीला नाही, यात्रेला नाही. शेतीची कामं असतात.

१७ मे, रविवार
धोंडा लागला. ठरवलं, वाण म्हणून जावयाला तेहतीस हापूस द्यायचे. घरच्या झाडाचे, घरच्या अढीत पिकवलेले. तेहतीस अनारसे काय, सगळेच देतात. रत्ना म्हणाली, वाणाला जाळीचा पदार्थ लागतो, आंब्याला कुठं जाळी असते? मी म्हटलं, काळाप्रमाणे बदलायला शिक. ती उठून तांदूळ भिजत घालायला गेली. एवढा तांदूळ कशाला, ते विचारायचं राहिलं.

फळ खाऊ घालणं ही एक शिस्त आहे. या घरात ती मी लावली. विळीवर फळ चिरायचं नाही, कांद्याचा वास लागतो. माझी सुरी वेगळी आहे, तिला कुणी हात लावायचा नाही. आंबे आधी पाण्यात, मग मी कापणार. पहिली फोड माझी, ते टेस्टिंग. आंबट निघाला तर पाहुण्यांपुढे शोभा नको. मग पाहुणे. मग सार्थक, कारण मुलगा वाढत्या अंगाचा. (आता पुण्यात नोकरीला आहे, पोट सुटलंय, पण तेव्हाची सिस्टीम सांगतोय.) आरतीला कोय. तिला पहिल्यापासून कोयच आवडते. कोयीजवळचा गर सगळ्यात गोड, हे त्या पोरीला कुणी न सांगता कळलं. माझ्यावर गेलीये. ओट्यावर बसून कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर चोखायची, पांढरी करून टाकायची. आणि रत्नाला साल आवडते. दातानं खरवडून खाते.

ज्याची त्याची आवड लक्षात ठेवावी लागते. घरकर्ता उगाच म्हणत नाहीत.

२० मे, बुधवार
पेठला जाऊन आलो. रत्नाचं म्हणणं, बोलावणं फोनवर नको, समक्ष जा आणि जावयाशी दोन शब्द गोड बोला. मी म्हटलं, मी गोडच बोलतो.

आळेफाट्याहून एसटी. मंचरला ट्रॅफिक. पेठला उतरलो तर हायवेलाच कलिंगडाचा ढीग. लेकीकडे मोकळ्या हातानं जाऊ नये. विकणाऱ्यानं एक काढून दिलं, ते घेतलं नाही. तो देतो ते कधीच घ्यायचं नसतं. सगळी वाजवून, कानाशी धरून एक निवडलं. तो म्हणाला, पावणं, कलिंगाड घेताय का पोरगी बघताय? अशा लोकांशी मी बोलत नाही.

गोकुळरावांच्या शेतापाशी आलो. सिमेंटचे खांब, त्यावर निवडुंगासारखी झाडं. दोघं वाकून काम करत होते. आरतीनं डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. वाळलीये जरा. मी बांधावर उभा राहिलो, म्हणजे बघतील. बघितलं नाही. कामातल्या माणसाला डिस्टर्ब करू नये. शिवाय सासऱ्यानं बांधावरून हाका मारणं शोभत नाही. आधी त्यांनी बघायला पाहिजे होतं.

कलिंगड घेऊन परत आलो. रत्नाला म्हटलं, बोलावणं झालं, जवळपास. तिनं कलिंगडाकडे बघितलं आणि काय ते समजली. कापलं तर पांढरं. बियाणंच भेसळीचं येतं हल्ली.

संध्याकाळी रत्ना शेळीला बोलत होती. म्हणे, तोंड फिरवायला तेवढं येतं, पुढं होऊन बोलायला नको. लेकी बोले सुने लागे, हे मला कळतं. मी पेपर वाचत राहिलो.

२२ मे, शुक्रवार
रत्ना न सांगता सकाळच्या गाडीनं पेठला गेली. मला जेवण झाकून. वरण गार.

संध्याकाळी आली. येणार आहेत, सात जूनला, रविवारी. मला आश्चर्य वाटलं नाही. कालच झाडाचा फोटो मी व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपला टाकला होता. तो बघून कोण नाही येणार?

एक अट आहे म्हणाली. दादांनी (म्हणजे मी) फळावरून एक शब्द बोलायचा नाही, असं आरतीनं सांगितलंय. मान्य. मी मुळातच कमी बोलतो.

तिकडे काय काय बोलणं झालं, ते विचारलं. रत्ना म्हणाली, मी जावयाचे पाय धरले. मी म्हटलं, काहीतरीच काय. ती म्हणाली, मग कुणी धरायचे? आणि पाय धुवायला गेली. बायका बोलताना वाढवून बोलतात.

२३ मे, शनिवार
आंबे उतरवले. झेल्यानं, म्हणजे लांब काठीच्या जाळीनं, एकेक, देठासकट. झेला रत्नानं धरला, खालून सूचना मी दिल्या. दोन पडले, ते सूचना नीट न ऐकल्यामुळे.

अढी मागच्या खोलीत लावली. खाली भाताचा पेंढा. तो पश्चिम पट्ट्यातून, आंबेगावच्या डोंगराकडून मुद्दाम मागवला. आपल्याकडच्या बाजरीच्या सरमाडात ती ऊब नाही. पेंढ्यावर आंबे, त्यावर पेंढा, त्यावर गोणपाट. खोलीला कडी. नियम एकच, माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

शेजारच्या तुकाबाई बघायला आल्या. त्या म्हणाल्या, "सोपानभाऊ, आता आठ दिस तिकडं फिरकू नका. लई हात लागला का आंबा रुसतो." अडाणी समजुती. देखरेखीशिवाय जगात काही पिकलंय का? नातवासाठी दोन मागत होत्या. म्हटलं, सगळे बुक आहेत.

२५ मे
इन्स्पेक्शन. गोणपाट काढून, पेंढा बाजूला करून एकेक आंबा अंगठ्यानं दाबून पाहिला. कडक. परत झाकले.

२६ मे
सकाळी इन्स्पेक्शन. कडक. संध्याकाळी इन्स्पेक्शन. कडक. रत्ना म्हणाली, दाबू नका, दारात उभं राहून नुसता वास घ्या. मी म्हटलं, वासावर विसंबणारी माणसं फसतात. कॅनॉलची गळती मी कधी वासावरून शोधली नाही.

२७ मे
पहाटे जाग आली, म्हणून एक फेरी केली. कडक. रोज दाबून सवय व्हायला लागलीये, अंगठ्याला लगेच कळतं.

२९ मे, शुक्रवार
प्रगती आहे. जिथं दाबतो तिथं मऊ लागतंय. जवळपास प्रत्येक आंबा.

सार्थकचा फोन. येणार नाही, मीटिंग आहे. रविवारी कसली मीटिंग, ते कळलं नाही. मी म्हटलं, तुझ्यासाठी आंब्याचे दोन गाल बाजूला ठेवतो. तो म्हणाला, दादा, मी गोड बंद केलंय. फळ तो आता मोबाइलवरून मागवतो, कापलेलं, डबीत, वर प्लॅस्टिकचा काटा. कुणी कापलं, कुणी आधी चाखलं, पत्ता नाही. पोराला फोडी भरवल्या त्याचं हे.

१ जून, सोमवार
रविवारची तयारी. फळावरून एक शब्द नाही, हे ठरलंय. पण पाहुण्यापुढे आंबा ठेवताना थोडी प्रस्तावना लागते. मुक्यानं काय ठेवायचं. प्रस्तावनेत काय काय घ्यायचं ते आरशापुढे म्हणून पाहिलं: झाड, पाणी, पेंढा, अढी, मग हापूस आणि इतर फळं यांतला फरक. इतर फळांचं नाव घेणार नाही. गोकुळराव हुशार आहेत, समजतील.

आरतीसाठी मोठ्या कोयीचे दोन आंबे हेरून ठेवलेत. खूश होईल. कितीही झालं तरी बापाला आठवतं, हे तिला दिसेल. सात महिने झाले तिला ओट्यावर बसलेलं बघून.

घर फार शांत असतं. हे उगाच लिहिलं.

५ जून, शुक्रवार
घात झाला. रंग आला, वास सुटला, वाणाचे तेहतीस वेगळे काढायला बसलो तर आंब्याआंब्यावर काळा खड्डा. कापून पाहिला, आत कोयीपर्यंत नासका. दुसरा, तिसरा, तेच.

संशयित: उंदीर. तुकाबाईंचा नातू, दोन मिळाले नाहीत म्हणून. तिसरं नाव रत्नाचं घेतलं, कारण कडी तिलाही काढता येते.

रत्नानं आंबा हातात घेतला. खड्ड्यावर स्वतःचा अंगठा ठेवला, तो लहान पडला. मग माझा हात धरला आणि माझा अंगठा ठेवला. बसला. दुसऱ्या आंब्यावर ठेवला. बसला. हात सोडून दिला.

योगायोग. या वयाच्या पुरुषांचे अंगठे सारखेच असतात.

धड निघाले ते एका ताटात मावले. मोठ्या कोयीच्या दोनपैकी एक वाचला. तेहतीसचं वाण रद्द. आकडा हा शेवटी मानण्यावर असतो. रत्नाला सांगायला गेलो तर तिनं फडताळातून डबा काढून दाखवला. अनारसे. जाळी पडलेले, मोजून तेहतीस. मी आंब्यांचं बोललो त्याच दिवशी तिनं तांदूळ भिजत घातले होते. म्हणजे माझ्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसाराचं हे फळ.

७ जून, रविवार. संध्याकाळ.
आले. गेले.

गोकुळराव हात हलवत आले. डझनभर केळीसुद्धा नाहीत. सासरी येताना हे बरं नव्हे, पण अट होती, मी बोललो नाही. नुसतं त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी हात पँटच्या खिशात घातले.

आरती आईच्या गळ्यात पडली. दोघी बराच वेळ तशाच. माझ्या पाया पडली. मी म्हटलं, वाळलीस. ती म्हणाली, उन्हातलं काम असतं, दादा.

पाय धुतले, ओवाळलं, वाण दिलं. धोंडे चांगले झाले होते, पुरण सैल नव्हतं. गोकुळरावांनी तुपाबरोबर पोटभर खाल्ले. रत्नाशी बोलत होते, खांबांचं, ठिबकचं, यंदा कळ्या बऱ्या आहेत म्हणून. माझ्याशी हो मामा, नाही मामा.

मग मी सुरी आणि ताट घेतलं. प्रस्तावना केली. अर्धीच झाली, कारण रत्नानं पाण्याचा तांब्या जोरात ठेवला. आंबा कापला. पहिली फोड टेस्टिंग. अप्रतिम. खात्रीसाठी दुसरी. मग एका गालाच्या दोन फोडी बशीत घालून गोकुळरावांपुढे ठेवल्या. आंबे थोडे, माणसं चार, तेव्हा वाटणी विचारानंच करायची होती.

गोकुळरावांनी बशी उचलली आणि सरळ आरतीपुढे सरकवली. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, अहो, तुम्ही खा. लग्नाला एवढी वर्षं झाली, अजून बायकोची आवड माहीत नाही? तिला कोय लागते. आणि ती हेरून ठेवलेली मोठी कोय, मुद्दाम भरपूर गर ठेवून, माझ्या हातानं तिच्या ताटात ठेवली. आठवड्यापासून याच क्षणाची वाट बघत होतो.

तिनं कोयीकडे बघितलं. म्हणाली, "दादा, मला कोय कधीच आवडली न्हाई. फोडी माझ्यापर्यंत येईस्तवर संपलेल्या असायच्या."

चिडून नाही. हसून म्हणाली. ते जास्त लागलं.

मी म्हटलं, कसं शक्य आहे, पांढरी होईस्तोवर चोखायचीस की. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"मग काय करणार, दादा. तेवढीच तर असायची."

रत्ना पदराला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. गोकुळराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आरतीनं बशीतली फोड उचलली आणि सावकाश खाल्ली. मग दुसरी. छान पिकलाय म्हणाली. मी छान खाल्लेल्या माणसाचं तोंड ओळखतो. तसं तिचं मी आधी पाहिलेलं नव्हतं, हे खरं.

ऊन उतरायच्या आत निघाले. उरलेले आंबे मी पिशवीत भरून दिले. ते गेल्यावर बघतो तर पिशवी ओट्यावर. अनारशांचा डबा नेला. पिशवी विसरली असेल. घाईत होती.

कोय ताटात तशीच होती. तिला मुंग्या लागल्या.

८ जून, सोमवार
लग्नानंतर मुलींना माहेरचं वेगळंच आठवायला लागतं. सासरचा परिणाम. खात्री करावी म्हणून सार्थकला फोन लावला. म्हटलं, आरतीला कोय आवडायची ना रे? तो म्हणाला, आठवत नाही, दादा. मी फोडी खायचो.

मीटिंग होती, त्यानं फोन ठेवला.

रत्नाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही.

९ जून
पिशवीतले आंबे रत्नानं तुकाबाईंच्या नातवाला दिले. मला विचारलं नाही. पोरगा तिकडे ओट्यावर बसून खात होता. आधी फोडी खात होता, आख्ख्या. कोय त्यानं कुत्र्याकडे फेकली.

ठरवलं: पुढच्या धोंड्याला वाटणी उलटी करायची. आधी आरती. कागदावर क्रमही काढला. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. येतील तोवर. राग धरण्यासारखं काही झालेलंच नाही.

१० जून, बुधवार
अढीत, पेंढ्याच्या तळाला एक आंबा सापडला. माझा हात पोचला नव्हता, म्हणून डाग नाही. झाडावरचा शेवटचा.

सकाळी कापला. सवयीनं पहिली फोड तोंडात गेली, ते टेस्टिंग. मग ठरवल्याप्रमाणे दोन्ही गाल बशीत घातले आणि स्वयंपाकघरात गेलो. रत्ना चुलीपाशी बसली होती. बशी तिच्यापुढे सरकवली. तिनं बशी बघितली नाही, आंबा कापलेलं ताट आणलंत का म्हणाली. ताट दिलं. त्यातली साल तिनं उचलली आणि दातानं खरवडायला लागली.

मी म्हटलं, फोडी घे.

"ठेवा," म्हणाली. "दुपारी तुम्हालाच लागतील."

तिला साल आवडते का, हे विचारणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. मग तिच्या हाताकडे बघत राहिलो. विचारलं नाही.

फोडी दुपारी खाल्ल्या. गोड होत्या.